बूट काढण्याआधी

१

समुद्रावर गेलं की काकूंचं काम ठरलेलं असायचं. बाहेरच्या बाकावर बसून सामान सांभाळायचं. खोली बघायला त्यांचे यजमान आत जायचे. "उठू नकोस हं, मी बघून येतो," असं म्हणून ते एकदा आत शिरले, की बराच वेळ त्यांचा पत्ता नसायचा. जन्मभर त्यांनी गोदामात आलेला माल तपासला होता. पोत्यात बोटं खुपसून बघायची सवय हाडीमासी खिळलेली, आणि खोल्याही ते त्याच नजरेने पास-नापास करायचे. आधी गादीवर तळव्याने थप, थप, थप. मग नळ सोडून पाणी बघायचं. मग खिडकीची कडी वर-खाली करायची. कुठे काही खटकलं की जिभेने "च्च" करायचं आणि पुढची खोली गाठायची. बाहेर बाकावर बसून काकूंना पातळ भिंतींतून हे सगळं ऐकू यायचं.

जेवायच्या जागेचंही तेच. समोर आलेला ग्लास उजेडात धरून बघायचा, डाग दिसला की तो टेबलावर उपडा घालायचा आणि उठून चालू पडायचं. काकू भुकेल्या पोटी मागून जायच्या. शेजारणी हसायच्या. "जित्याची खोड," म्हणून काकूही हसायच्या आणि म्हणीचा पुढचा भाग गिळून टाकायच्या.

खोली पसंत पडली, की यजमान स्वतः सामान उचलून आत न्यायचे, पिशवीचे बंद भिंतीकडे करून ठेवायचे, खोलीच्या मधोमध उभे राहायचे आणि विचारायचे, "कशी आहे?" काकूंनी म्हणायचं, "छान आहे." एकदा तर छतातून पाणी ठिबकत होतं, तरी काकू छान आहे म्हणाल्या होत्या. तेवढं ऐकल्याशिवाय ते पायातले बूट काढत नसत. ऐकलं, की खाटेच्या कडेला बसून आधी डावा बूट. तो धप्पकन खाली. उजव्याच्या नाडीला नेहमी गाठ बसलेली असायची, त्यामुळे मग जरा वेळ शांतता. मग दुसरा बूट. एकदा दोन्ही बूट निघाले, की मुक्काम पक्का. मग शेजारी राजवाडा मिळाला असता तरी ते तिथून हलले नसते.

गेल्या वर्षी एका गावी ते असेच खोली बघायला आत गेले. थप, थप, थप काकूंनी ऐकलं. नळही ऐकला. नळ वाहतच राहिला. काकू सामानापाशी बसून राहिल्या, कारण उठायचं नव्हतं. शेवटी खोलीवालीच धावत बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. त्यांना बाहेर आणलं तेव्हा बूट पायातच होते.

२

वर्ष सरलं आणि लेकीने विषय काढला.

"आई, हे घर विकून टाकू. तू आमच्याकडे ये."

"मला जमतंय की इथे."

"काय जमतंय? दुकानात दोन साबण समोर आले तर तू बाबांच्या तोंडाकडे बघायचीस. आजवर एक तरी गोष्ट तू स्वतः ठरवली आहेस का? सांग एक."

काकूंनी आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काही सापडेना, आणि तेच जास्त झोंबलं. लेक वाईट नव्हती, तिला काळजी होती. पण या घरात सकाळचं ऊन ओट्यावर कुठे पडतं, पावसाळ्यात कुठलं दार फुगतं, हे काकूंच्या अंगात मुरलं होतं. लेकीच्या घरी त्या पाहुण्या होऊन राहिल्या असत्या, मरेपर्यंत. काकूंना ते नको होतं.

"मी समुद्रावर जाऊन येते," त्या म्हणाल्या. "एकटी. खोली मी बघणार. जेवायचं कुठे, ते मी ठरवणार."

लेक आधी हसली. मग आईचा चेहरा बघून हसायची थांबली. "बरं. धड राहून आलीस, तर घर विकायचं नाव काढणार नाही. पण मधूनच मला फोन केलास, की ये आणि मला घेऊन जा, तर मग सरळ सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल."

"निदान खोली तरी फोनवरून ठरवून देते. हे बघ, फोटो आहेत."

"फोटो बघून खोली कळते होय?" काकू म्हणाल्या. हे वाक्य यजमानांचं होतं. लेकीने फोन बाजूला ठेवला.

काकूंनी गाव वेगळं निवडलं, जिथे ती दोघं कधीच गेली नव्हती.

३

हंगाम संपला होता. अर्ध्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या, किनाऱ्यावरच्या खुर्च्या दोरीने एकमेकींना बांधून ठेवलेल्या. वारा तेवढा भरपूर होता. काकूंनी पहिल्याच पाटीखालचं दार ठोठावलं. पिठाच्या हातांनी एक बाई बाहेर आली.

"खोली आहे ना. बरोबर कोण?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मग या, बघून घ्या. सामान राहू द्या बाकावर. इथे कोणी हात लावत नाही."

पिशवी बाकावर ठेवून आत जाताना काकूंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. बाकावर कोणीतरी बसायला हवं होतं.

खोली बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला. चार भिंती होत्या. खाट होती. खिडकी होती. बाई दारात उभी राहून वाट बघत होती, तेव्हा काहीतरी करायला हवं म्हणून काकूंनी पुढे होऊन गादीवर हात आपटला. एकदाच.

भिंतीपलीकडून उत्तर आलं. थप, थप, थप.

"शेजारी कोण उतरलंय?" काकूंनी विचारलं.

"कोणी नाही हो. ती बंद आहे, भिंतीला ओल आली म्हणून. का?"

"काही नाही. आवाज आल्यासारखं झालं."

"समुद्राचा असतो. होईल सवय."

काकूंनी मान डोलावली. समुद्राचाच असेल. किंवा कोणीतरी मागच्या अंगणात सतरंजी झटकत असेल. जगात गादीवर थाप मारणारा एकच माणूस होता असं थोडंच आहे. तेवढ्यात पलीकडे नळ सुटला, पाणी वाहिलं, बंद झालं. कडी वर गेली, खाली आली. मग जरा थांबून, अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखं, "च्च".

"नको," काकू म्हणाल्या. "दुसरीकडे बघते."

"खटकलं तरी काय?" बाईने कमरेवर हात ठेवले. पीठ लुगड्याला लागलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "धुतलेली चादर आहे, समोर समुद्र आहे. अजून काय पाहिजे माणसाला?"

काकूंना काय खटकलं ते सांगता येईना. त्यांना स्वतःला तर काहीच खटकलं नव्हतं.

४

धक्क्याच्या रस्त्यावर जेवायच्या दोनच जागा उघड्या होत्या. काकू एकीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर अशा चकरा मारत राहिल्या. शेवटी पाय दुखायला लागले आणि ज्या दारासमोर दुखले त्या दारात त्या शिरल्या. ही काही निवड झाली नाही, असं त्यांना वाटलं, पण लेकीला थोडंच कळणार होतं.

खिडकीपाशी दोघांचं टेबल होतं. वाढपी आला. तळलेला मासा आणि भात, काकूंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. वाढप्याने ते ऐकलंही, आणि "अजून काही, काकू?" असं विचारलंही. एवढ्याने त्यांना भरून आलं. आपण उगाच घाबरत होतो, सगळं सोपं असतं, असं मनाशी म्हणत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बांधून घातलेल्या होड्या एकमेकींना धक्के देत होत्या.

मान वळवली तर समोरचा ग्लास उपडा होता.

काकूंनी इतर टेबलांकडे पाहिलं. सगळीकडे ग्लास सरळ मांडलेले होते. ताट घेऊन वाढपी आला तेव्हा त्यांनी विचारलं, "हा असा का ठेवलाय?"

"मी तर सरळ ठेवला होता." त्याने तो उचलला, सवयीने उजेडात धरला आणि खजील झाला. "डाग आहे खरा. माफ करा हं." ग्लास घेऊन तो आत निघून गेला.

मन चिंती ते वैरी न चिंती, काकूंनी स्वतःला बजावलं. घाईत ठेवला असेल उपडा, त्याला आठवत नसेल. त्या जेवू लागल्या. मासा कुरकुरीत होता, भात मोकळा होता. पण हे सांगायला समोर कोणी नव्हतं, आणि सांगायला कोणी नसलं की चवीचं काय करायचं ते काकूंना माहीत नव्हतं. वर्षभर त्या अशाच जेवत होत्या. आज पहिल्यांदा त्यांना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेनाही.

५

राहायचं दुसरं ठिकाण मोठं होतं. वरच्या मजल्यावर लांबच लांब व्हरांडा, एका ओळीत खोल्या. खाली बसलेल्या व्यवस्थापकाचं सगळं लक्ष मोबाइलवरच्या सामन्यात होतं. त्याने किल्ल्यांचा जुडगाच पुढे सरकवला.

"कुठलीही उघडून बघा. सगळ्या रिकाम्या आहेत."

"तुम्ही नाही येत वर?"

"खोली काय पळून जाणार आहे?" तो मान वर न करता म्हणाला.

काकूंनी मधली एक खोली उघडली. गादीला हात लावला नाही. हात मागे बांधून उभ्या राहिल्या. तरीही डाव्या भिंतीआड थप, थप, थप झालंच.

त्या बाहेर आल्या. डावीकडच्या खोलीला कुलूप होतं, खारट हवेने गंजलेलं. कुलपाआड नळ वाहिला, कडी वाजली. "च्च." मग काही नाही. आणि मग त्याच्या पलीकडच्या खोलीत थप, थप, थप.

मधल्या भिंतीत दार नव्हतं. तरी आवाज पुढे सरकत होता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, त्याच जुन्या शिस्तीत. काकू व्हरांड्यातून त्याच्या बरोबरीने चालू लागल्या. हे वारं आहे, जुन्या इमारतीतले नळ असे एकापाठोपाठ एक वाजतात, असं डोकं सांगत होतं. पाय मात्र भराभर पडत होते. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे काकूंना बरं वाटत होतं. वर्षभराने त्या कोणाच्या तरी बरोबर चालत होत्या.

ओळ संपली. शेवटच्या दारासमोर त्या उभ्या राहिल्या. आत पाणी वाहत होतं.

"अहो," काकूंनी हळूच हाक मारली.

पाणी बंद झालं. आत कोणीतरी ऐकत असावं, इतकी शांतता पसरली. मग फरशीवर बूट वाजले. सावकाश. दाराच्या दिशेने. अगदी दाराच्या पलीकडे येऊन थांबले.

काकूंनी किल्ल्यांचा जुडगा तिथेच टाकला आणि जिना उतरून, खाली ठेवलेली पिशवी उचलून त्या पळत सुटल्या. व्यवस्थापक मागून काहीतरी ओरडला. रस्त्यावर आल्यावर, पिशवी छातीशी धरून, त्यांना रडू फुटलं. भीतीचं होतंच, पण तेवढंच नव्हतं. वर्षभर ज्याच्यासाठी जीव तुटला, तो दारापाशी आला आणि आपण पळालो.

हात पर्समधल्या फोनकडे गेला. लेकीने उचलला असता, रात्रीपर्यंत गाडी घेऊन आलीही असती. मग घर गेलं. काकूंनी फोन परत आत टाकला आणि पर्सचं बटण लावलं.

६

आता काकूंनी डोकं चालवलं. आवाज भिंतीआडून येतो. तर मग अशी खोली घ्यायची, जिला भिंतीआड काही नाही.

गल्लीच्या टोकाला एक शिंपी होता. दुकान खाली, आणि बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर गेलं की गच्चीवर एकच सुटी खोली. चारही बाजूंना मोकळी हवा.

"शेजार नाही, कटकट नाही," शिंपी तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला. "वारा मात्र आहे. वाऱ्याचं भाडं वेगळं लावत नाही मी. जा, बघून या. पिशवी ठेवा बाकावर."

काकू वर गेल्या. खोली लहान होती, भिंतीला ताजा चुना होता. खिडकीखाली स्टूल, कोपऱ्यात खाट, खाटेवर जाड रजई. खिडकीतून नुसता समुद्र. काकू ऐकत उभ्या राहिल्या. थाप नाही. नळ नाही. खिडकीची कडी जागची हलली नाही. त्यांनी भिंतीला कान लावला, तर पलीकडे फक्त वारा.

जिंकल्या होत्या. ही खोली त्यांना आवडली होती, त्यांच्या एकटीच्या डोळ्यांना. बाहेर गच्चीच्या कठड्यापाशी येऊन त्या समुद्राकडे बघत राहिल्या. जिना पाठीमागे होता. पाणी करडं होतं, क्षितिजावर एकही होडी नव्हती, आणि जिंकून इतकं एकटं वाटतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

खाली उतरल्या तर बाकावर पिशवी नव्हती.

"पिशवी कुठे गेली?"

शिंप्याने मशीन थांबवलं. "वर नेलीत ना तुम्ही? मी खाली मान घालून होतो, पण जिना वाजला की आत्ता. पावलं वाजली."

"मी तर नुसतीच उतरले."

"चढताना वाजली." शिंप्याने खांदे उडवले. "आमच्या भावाने नेली असेल. त्याला न सांगता मदत करायची खोड आहे."

काकू परत वर गेल्या. पिशवी खोलीत होती. भिंतीला टेकवलेली, बंद भिंतीकडे केलेले.

भावानेच नेली, काकूंनी ठरवलं. पिशवी ठेवायच्या दोनच तर तऱ्हा असतात, बंद इकडे नाहीतर तिकडे. असा भाऊ खरंच आहे का, हे खाली जाऊन विचारता आलं असतं. त्या गेल्या नाहीत. त्यांनी दाराची कडी लावली आणि दिवा लावला.

७

दिवस बुडत होता. काकू स्टुलावर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, तेव्हा फोन वाजला.

"काय गं आई, आहेस ना धड? दिवसभरात फोन नाही तुझा."

"धड आहे की. जेवले. मासा खाल्ला."

"कुठे?"

"धक्क्याजवळ. मीच बघितलं ते."

"वा." लेकीच्या आवाजात हसू होतं, आणि खरं कौतुकही. "आणि खोली? कशी आहे खोली?"

या प्रश्नाला काकूंच्या जिभेवर एकच उत्तर होतं. उभ्या संसारात त्यांनी दुसरं कधी दिलंच नव्हतं. आज तर ते खरंही होतं.

"छान आहे," काकू म्हणाल्या.

मागे खाट करकरली. कोणीतरी कडेला बसल्यावर करकरते तशी.

काकू जागच्या जागी ताठ झाल्या. बाहेर आता अंधारत होतं आणि खिडकीच्या काचेत दिव्याच्या उजेडातली खोली उमटू लागली होती. चुन्याची भिंत. दार, कडी लावलेलं. पिशवी. खाटेच्या कडेवर एक पाठ, पुढे वाकलेली. डोकं गुडघ्यांमध्ये इतकं खाली गेलेलं, की काचेत ते दिसतच नव्हतं. पाठ ओळखीची होती. निदान सदरा ओळखीचा होता. घरून शेवटचं निघताना अंगावर होता तो.

धप्पकन एक बूट खाली पडला.

"काय पडलं गं?" लेकीने विचारलं.

अजून वेळ होता. उजव्याच्या नाडीला गाठ असते. नाही आवडली खोली, एवढं म्हटलं असतं तर कदाचित तो बूट पुन्हा चढला असता, पावलं जिन्याने उतरून गेली असती, पुढची खोली बघायला. किंवा फोनमध्ये म्हणायचं, ये, मला घेऊन जा. ओट्यावरचं ऊन डोळ्यांसमोर आलं. टेबलासमोरची रिकामी खुर्चीही आली. काचेतली पाठ गाठ सोडवत होती. नखं नाडीवर करकरत होती, धीराने, न चिडता.

"पिशवी पडली," काकू म्हणाल्या.

"बरं ऐक, आई." लेकीला ते बोलणं जड जात होतं. "मी हरले. मला वाटलं होतं, दुपारपर्यंतच तुझा फोन येईल. आता घर विकायचं नाव मी काढणार नाही. तू राहू शकतेस एकटी."

नखांचा आवाज थांबला. गाठ सुटली होती.

"आई? ऐकलंस ना? खूश आहेस ना तू?"

काकूंनी काचेवरची नजर काढून मांडीवरच्या आपल्या हाताकडे वळवली. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "आता मला जमेल."

दुसरा बूट खाली पडला.